उपहासाचे हत्यार

८ मे २०२५ च्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख केले आणि इस्लामाबादही घेतले. उजाडले तेव्हा बंदर जागेवरच होते. ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातील दृश्येही रणांगणाची म्हणून खपविली गेली. यावर दोन्ही देशांतील सामान्य माणसांनी या वाहिन्यांची यथेच्छ टिंगल केली. पत्र सूचना कार्यालयाचे खुलासे रुक्ष असतात. थट्टा ऐकताक्षणीच कळते. युक्रेनच्या बाजूने २०२२ पासून ‘नाफो’ची मंडळी शिबा इनू कुत्र्याच्या व्यंगचित्रांनी रशियन प्रचारकांना असेच हैराण करीत आली आहेत.

तथापि उपहास ज्याला मूळ गोष्ट ठाऊक, त्यालाच उमगतो. साकीनाक्याच्या गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरणाऱ्या मजकुरावर ना लेखकाचे नाव उरते, ना त्याचा सूर. तेथे थट्टेतला विजय खरा ठरण्यास वेळ लागत नाही. निरनिराळ्या प्रांतांचे आणि धर्मांचे कामगार जेथे एकाच यंत्रावर राबतात, तेथे अशा गैरसमजाची किंमत कराचीला नव्हे, शेजारच्या खोलीला मोजावी लागते.

सरकारचा न्याय तर अजबच! आठ हजारांहून अधिक खाती बंद करण्याचे आदेश आल्याचे ‘एक्स’ने त्याच ८ मे रोजी जाहीर केले, इस्लामाबाद जिंकणारे निवेदक मात्र दुसऱ्या दिवशीही पडद्यावर होते. कार्यकर्त्यांनी थट्टा जरूर करावी, पण ती या निवेदकांची. आणि खरी हकीकत तिच्याबरोबर त्याच मजकुरात, सरळ मराठीत व हिंदीत लिहावी.