फारोळ्याची लाइट आणि पॅरिसचा करार

साप्ताहिक स्तंभ : पाणीवाटप

मार्च उजाडला की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात चर्चासत्रांची सुगी सुरू होते. आर्थिक वर्ष संपत आलेले असते, आलेले अनुदान खर्ची टाकायचे असते, ‘नॅक’च्या फायलीत चार पानांची भर घालायची असते आणि २२ मार्चचा जागतिक जल दिन आयताच हाताशी असतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येऊ लागतात. हिरवी पार्श्वभूमी, तळहातावर तोललेली पृथ्वी, वर ओळीने मान्यवरांचे गोल फोटो आणि खाली विषय : ‘हवामान बदल आणि शाश्वत विकास : आव्हाने आणि संधी’. महाविद्यालये बदलतात, आव्हाने आणि संधी त्याच राहतात.

या पत्रिकांवर हल्ली ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण फार दिसते. त्यामागे गणित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधन गुणांचा तक्ता आहे. त्यानुसार राज्य किंवा विद्यापीठ पातळीच्या चर्चासत्रात निबंध वाचला तर २ गुण, राष्ट्रीय पातळीवर ३, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात ५ आणि परदेशात जाऊन वाचला तर ७. परदेशवारी परवडत नाही, पण परदेशातला एखादा ओळखीचा प्राध्यापक पडद्यावर वीस मिनिटे आणणे जमते. तेवढ्यावर तालुक्याच्या गावचे चर्चासत्रही आंतरराष्ट्रीय होऊन जाते.

याबद्दल प्राध्यापकांना झोडपून मला मोकळे व्हायचे नाही. विभागात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, शिकवणे तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या जिवावर, आणि बढती अडलेली गुणांवर. ज्याला गुण आहेत ते माणूस करणारच. फक्त या तक्त्यात निबंध वाचल्याचे गुण आहेत. तो ऐकून समोरच्या माणसाच्या पदरात काय पडले, याला रकाना नाही. मंचावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पाहुण्यांच्या गाडीत विसरलेली रोपे यांवरचे विनोद सर्वांचे करून झालेत, ते सोडून देऊ. अडचण बाटलीपेक्षा मोठी आहे.

अलीकडेच अशा एका चर्चासत्राला बसलो होतो. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. अकराची वेळ, पावणेबाराला दीपप्रज्वलन. मागच्या रांगांत दुसऱ्या वर्षाची मुले हजेरीच्या कागदासाठी बसवलेली. बीजभाषक तयारीचे होते : २०१५ चा पॅरिस करार, दीड अंशाची मर्यादा, वितळणाऱ्या हिमनद्या, बुडू पाहणारी बेटे. सगळे खरे आणि नीट मांडलेले. भाषण संपल्यावर मागून एक निवृत्त गृहस्थ उठले. ते निमंत्रित नव्हते, दारातून आत आलेले होते. म्हणाले, “सर, फारोळ्याची लाइट दोन तास गेली की आमच्या गल्लीचं पाणी एक दिवस पुढं जातं. दोन तासांचा एक दिवस कसा काय होतो, एवढं सांगा.” सभागृह हसले. प्रश्न चांगला असला तरी आजच्या विषयाला धरून नाही, असे अध्यक्ष हसतच म्हणाले, आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरे आवरती घेऊन सर्वांनी अल्पोपाहारासाठी जावे, अशी सूचना झाली.

त्या दिवसात विषयाला धरून काही बोलले गेले असेल तर ते तेवढेच. म्हणून उत्तर इथे देतो.

आपले पाणी जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून येते. धरण पूर्ण भरले तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहर त्याहून शंभर मीटरच्या वर. म्हणजे गोदावरीचे पाणी आपल्याकडे वाहत येत नाही, ते चढवावे लागते. जायकवाडीला पंपाने उचलायचे, फारोळ्याला शुद्ध करून पुन्हा ढकलायचे, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर न्यायचे आणि तिथून शहरातले जलकुंभ भरायचे. हा चाळीसेक किलोमीटरचा चढ विजेच्या जोरावर चालतो. वीज गेली की पंप थांबतात आणि वाहिनीतला प्रवाह तुटतो. वीज आल्यावर पंप एकदम पूर्ण ताकदीने चालवता येत नाहीत. वाहिनी पुन्हा भरून दाब यायला वेळ लागतो. तोवर जलकुंभ अर्धेच भरलेले असतात आणि ज्या गल्लीची पाळी असते ती हुकते. ती भरून काढावी तर दुसऱ्या दिवशी ज्यांना शब्द दिलेला, ते खोळंबतात. म्हणून महापालिका अख्खा टप्पाच एक दिवसाने पुढे ढकलते. दोन तासांचा एक दिवस होतो तो असा.

आता विजेचा हिशेब. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, काहीही वाया जात नाही असे धरले तरी, पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. रोज दहा कोटी लिटर चढवायचे म्हटले की नुसत्या उंचीपोटी सत्तावीस हजार युनिट झाले. वाहिनीतले घर्षण आणि पंपांची तूट मिळवा, आकडा कुठल्या कुठे जातो. यातले जे पाणी गळतीत जाते, त्याच्याबरोबर त्याला वर चढवणारी वीजही गळते. १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेलेल्या नव्या पाणीयोजनेवर शहरात बोलणे झाले ते ठेकेदार, मुदत आणि खोदलेले रस्ते यांवर. अडीच मीटर व्यासाच्या नव्या वाहिनीतून जादा पाणी आले की विजेचे बिल किती येणार आणि ते भरणार कोण, हा ऊर्जेच्या चर्चासत्राचा विषय नाही तर कशाचा?

आणि ही वीज येते कुठून? त्यातली बरीचशी कोळशावरची. आपल्याच मराठवाड्यातले परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. परळीला पाणी पुरवणारा खडका बंधारा गोदावरीवर आहे आणि अवर्षणात त्याचे डोळे वर जायकवाडीकडे लागतात. पाण्याला वीज हवी, विजेला पाणी हवे, आणि पावसाने ओढ दिली की दोन्ही एकदमच खुंटतात. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात तेव्हा तर धरणात पाणी असूनही नळ कोरडे. हवामान बदल ऐकायला मालदीवपर्यंत जायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात पुराने शेतातली माती खरवडून नेली. मधे दहा वर्षेसुद्धा गेली नाहीत.

हे सांगणारी माणसे गावात नाहीत असे कोणी म्हणू नये. पैठण रस्त्यावर ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था १९८० पासून उभी आहे. राज्यभरातले सिंचन अभियंते तिथे शिकून गेले. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवणारे माधवराव चितळे निवृत्तीनंतर याच शहरात स्थायिक झाले, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये दिलेला अहवाल आजही राज्याच्या पाण्याबद्दल बोलू पाहणाऱ्याला टाळता येत नाही. विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, भूगोल आहे, अर्थशास्त्र आहे. बांधणी केलेले प्रबंध कपाटांत आहेत. कमतरता आहे ती प्रबंध आणि गल्ली यांच्यामधल्या जिन्याची. प्रबंध इंग्रजीत, चर्चासत्र कामाच्या दिवशी सकाळी अकराला, दारात नोंदणी शुल्काचे टेबल. कोण येणार?

सक्तीने काय साधते, तेही आपण पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे पदवीच्या प्रत्येक मुलाला तो पेपर आला, त्याचा प्रकल्प आला, आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आपल्याला कळले की वर्षानुवर्षे आपण आपला उकिरडा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकत होतो. तोच कचरा मिटमिट्याला न्यायला गेलो तर ७ मार्चला तिथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, गाड्या जळाल्या. शहरातल्या महाविद्यालयांत तेव्हाही ‘घनकचरा व्यवस्थापन’ हा धडा अभ्यासक्रमात होताच. ओला-सुका वेगळा करायला शहर शिकले ते त्या दंगलीनंतर.

साठ किलोमीटरवर जालना आहे. तिथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला मासिक चर्चासत्र भरते, आणि हा नेम अनेक वर्षे चालत आला आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साह्य मंडळाचे हे केंद्र. कडवंचीचे पाणलोट याच मंडळींनी गावकऱ्यांसोबत उभे केले आणि त्या दुष्काळी गावात शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. खरपुडीला शेतकरी येतो तो प्रश्न घेऊन. मोसंबीची फळगळ, कपाशीवरची अळी, शेततळ्यातले पाणी मेपर्यंत कसे पुरवायचे. तज्ज्ञाला उत्तर देता आले नाही तर पुढच्या पाच तारखेला तोच शेतकरी पुन्हा समोर. हा धाक फार मोलाचा. आमच्याकडे बीजभाषक दुपारच्या गाडीने परत जातो. त्याला पुढच्या महिन्यात कोणी गाठणार नसते. खरपुडीच्या चर्चासत्राला आंतरराष्ट्रीय म्हणवून घ्यायची निकड कधी भासली असेल असे वाटत नाही.

खरपुडीची नक्कल विद्यापीठाने करावी असे नाही. शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या पिकाशी बांधलेला असतो. शहरातल्या माणसाला आपला प्रश्न पर्यावरणाचा आहे हेच मुळात ठाऊक नसते, तो त्याला ‘नळाची कटकट’ म्हणतो. म्हणून तर व्याख्यान हवे. आणि वाद घालण्याजोगे विषय आपल्याकडे पडून आहेत. नाथसागरावर तरंगत्या सौर पॅनेलचा मोठा प्रकल्प येऊ घातला आहे. त्याविरुद्धची तक्रार हरित लवादाने फेटाळली, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपाला नकार दिला. न्यायालयात विषय संपला, गावात संपलेला नाही. जायकवाडीचा पसारा उथळ आणि अफाट, उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारे पाणी प्रचंड. पॅनेलखाली झाकलेल्या पाण्याची वाफ कमी होते, हे खरे. हे १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी इथे उतरतात, हेही खरे. आणि पैठणच्या कहार समाजाची जाळी याच पाण्यात पडतात. मला विचाराल तर सौर ऊर्जा हवीच, पण पाण्याचा कोणता भाग झाकायचा हे ठरवताना जाळे टाकणाऱ्याला विचारल्याशिवाय नको. माझे हे मत पक्षीतज्ज्ञाला किंवा वीज अभियंत्याला पटणार नाही. त्यांनी ते समोरासमोर खोडावे, अशी जागा विद्यापीठाशिवाय कोणती?

दुसरा विषय वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प, ३ मेगावॉटचा, २०२४ मध्ये तिथे सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागली. रात्रीचे भरणे, साप-विंचवाचे भय सुटले. पण दिवसभर हुकमी वीज असली की बोअर किती चालणार, आणि खालचे पाणी किती वर्षे पुरणार? यावर कोणी पदव्युत्तर विद्यार्थी विहिरींची पातळी मोजत दोन वर्षे फिरला, तर तो निबंध ऐकायला मी तिकीट काढूनही जाईन.

सूचना करायचीच तर एक करतो. २३ ऑगस्ट हा विद्यापीठाचा वर्धापन दिन, स्थापना १९५८ ची. ऐन पावसाळ्यातली तारीख. खंड पडला असेल तर पिके माना टाकत असतात आणि धरणाच्या टक्क्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते. सकाळचा ध्वज, सत्कार, भाषणे रीतसर होऊ द्यावीत. संध्याकाळी सहाला मात्र महात्मा फुले सभागृह नोंदणी न करता उघडे ठेवावे. मंचावर तीनच खुर्च्या : फारोळ्याच्या पंपगृहात पाळी करणारा अभियंता, महावितरणचा एक अधिकारी आणि वर्षभर पावसाचे आकडे हाताळणारा विद्यापीठातला कोणी संशोधक. प्रत्येकाने वीस मिनिटे मराठीत बोलावे, उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. ज्या प्रश्नाचे उत्तर तिथे देता आले नाही तो फळ्यावर लिहून ठेवावा आणि पुढच्या २३ ऑगस्टला कार्यक्रमाची सुरुवात त्या फळ्यापासून करावी. याला आयोगाच्या तक्त्याप्रमाणे किती गुण बसतात ते मी पाहिले. विद्यापीठ पातळी म्हणून २.

– पाणक्या