तोफेचे कांसे

आमच्या राहुरीच्या आळीतील एक वृद्ध गृहस्थ गेल्या महिन्यात निवर्तले. तरुणपणी ते सैन्यात होते. पुढे धातुशास्त्र हाच त्यांचा व्यवसाय झाला. त्यांच्या स्वतःच्या लढाईविषयी कोणी विचारले की ते जवळचे तपेले वाजवून पाहत आणि कल्हईची गोष्ट काढीत.

मात्र नामदेव जाधवांचे नाव निघाले की त्यांची वाणी मोकळी होई. जाधव आमच्याच जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीवर मराठा पलटणीच्या या शिपायाने दोन जखमी सोबत्यांस पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले. मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी मोडली. हात जायबंदी होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. त्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

“तो क्रॉस सोन्याचा नव्हे हो मास्तर, कांशाचा!” असे आमचे शेजारी आवर्जून सांगत. ते कांसे शत्रूच्या जिंकलेल्या तोफांचे. तोफा रशियाच्या, अशी परंपरा. परंतु क्ष-किरणांनी तपासता काही पदकांचा धातू चिनी तोफांचा असावा, असे अभ्यासकांस दिसले. धातूविषयी असा वाद ते हौसेने घालीत. मात्र जाधवांनी जखमी आधी उचलले आणि ठाणी मागाहून मोडली, हा क्रम सांगताना कोणी चुकलेला त्यांस खपत नसे.

जाधव १९८४ साली पुण्यास वारले. आमच्या शेजाऱ्यांची पदके परवा त्यांच्या मुलास पत्र्याच्या पेटीत सापडली, कथिलाच्या एका तुकड्याशेजारी. ती कोणत्या कामगिरीची, हे घरात कोणासही ठाऊक नाही. आम्हीही कधी नेटाने विचारले नव्हते.