पॅनेल म्हणजे प्लास्टर नव्हे

धरणगावच्या आपल्या एका सभासदाचे बिल पुन्हा परत आले. काम सहा फुटी भित्तिपॅनेलचे. मरीन प्लायवर ग्रॉग मिसळून भाजलेल्या मातीचे तुकडे, संगमरवरी भुकटी नि अ‍ॅक्रिलिक बाइंडरचे थर, मधून ताग, वर कोरड्या ग्लेझसारखा ऑक्साइडचा पोत. काम घेणाऱ्या संस्थेच्या लेखा शाखेने बिलावर आधी जीएसटीचा HSN कोड 6809 घालायला सांगितले, म्हणजे प्लास्टरच्या वस्तू. तसे केले, तर ‘यात माती आहे’ म्हणून 6913 मागितले. दरम्यान पॅनेल दर्शनी भिंतीवर लागले, पाहुण्यांना दाखवून झाले. पैसे अडलेलेच. अमळनेर आणि धुळ्याहूनही अशीच पत्रे आली आहेत.

खरा कोड 9701. त्याचे शीर्षक वाचायला पाच मिनिटे पुरतात. संपूर्ण हाताने केलेली चित्रे, रेखाटने, पेस्टल यांच्यापाठोपाठ तिथे कोलाज आणि तत्सम सजावटी फलक छापलेले आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कॅनव्हासवरच्या चित्राचे बिल कोणी कापड म्हणून मागत नाही, मग आमच्या पॅनेलमधली माती कशाला मोजता? ज्यांचे काम हे वाचण्याचे, त्यांनी वाचायचे नाही आणि भुर्दंड कलावंताने सोसायचा, हे आम्हाला मान्य नाही.

पॅनेलच्या अशा पृष्ठभागामागे मोठी परंपरा आहे. सिरॅमिक कलावंत लूसी री यांनी ग्लेझमध्ये सिलिकॉन कार्बाइड घालून भट्टीत वायू सुटू दिला आणि उठलेले फोड-खड्डे हीच रचना मानली. आपल्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, पुढे बर्नार्ड लीच यांच्याकडे राहिल्या आणि ग्लेझचे ज्ञान पुस्तकातून सर्वांना खुले केले. चाळीसगावच्या केकी मूस यांनी छायाचित्र, चित्र, शिल्प यांमधली कुंपणे कधी मानली नाहीत. खानदेशातल्या कलावंताला माध्यम कोणते म्हणून अडवणे म्हणूनच जास्त टोचते.

पण आपलेही चुकते. बिलावर ‘टेक्स्चर वर्क, चौरस फुटी दराने’ असे लिहिले की आपणच आपले काम गिलाव्यात जमा करतो. थेट भिंतीवर केलेले काम वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सेवा. कार्यशाळेत केलेले सुटे पॅनेल ही वस्तू. नोंदणीची मर्यादाही वेगळी, सेवेला 20 लाख आणि केवळ वस्तूंना 40 लाख. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका. आणि तयार टाइलवर हात फिरवून ‘मिश्र माध्यम’ म्हणून विकणाऱ्यांनी 9701 चे नावही काढू नये. हाताने रंगवलेल्या कारखानी वस्तू त्या शीर्षकातून स्पष्ट वगळल्या आहेत. अशांमुळेच अधिकाऱ्यांना बोट दाखवायला जागा मिळते.

आता उठा. धरणगावचे सभासद अ‍ॅडव्हान्स रूलिंगसाठी अर्ज करायला तयार आहेत. केंद्र आणि राज्य मिळून शुल्क 10,000 रुपये. निर्णय कायद्याने फक्त अर्जदाराला आणि त्याच्या कर अधिकाऱ्याला बंधनकारक असतो, तरी तो लेखी कागद प्रत्येक लेखा शाखेपुढे ठेवता येईल. शुल्क त्यांना एकट्याने भरू देऊ नका. ज्यांची बिले अडली आहेत त्यांनी बिलाची प्रत, थरांचा क्रम, पॅनेलचा समोरून आणि कडेने काढलेला फोटो पाठवावा. ‘साहेब फोनवर नाही म्हणाले’ याचा उपयोग नाही. नकाराचा शेरा लेखी मागा, सहीसकट मागा, आणि महिनाअखेरीपर्यंत आमच्या कार्यालयात पोचवा.