चिखलात रुतलेली लाँच

जुनी वस्तू मोडीत काढायची की दुरुस्त करायची, हा वाद कुठल्या घरात होत नाही? एकाला ती अडगळ वाटते, दुसऱ्याला तिच्यात दादा-परदादांचा हात दिसतो. या महिन्यात आम्ही वाचकांना अशाच एका अडगळीची, म्हणजे इंग्लंडमधल्या एका लाकडी बोटीची हकीकत सांगणार आहोत.

1929 साल. केंट परगण्यातल्या कॉनियर गावच्या खाडीत 58 फूट लांबीचा एक टाकून दिलेला सांगाडा चिखलात पडून होता. ही बोट 1912 साली ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली, तेव्हा वाफेवर चालणारी. ती ज्यांच्या नजरेस पडली ते चार्ल्स लाइटोलर म्हणजे टायटॅनिकवरचे दुसरे अधिकारी. त्या जहाजावरच्या वाचलेल्या अधिकाऱ्यांत तेच सर्वांत वरिष्ठ होते. त्यांनी सांगाडा विकत घेतला, दुरुस्त करून घेतला, त्यात मोटर बसवली. पत्नी सिल्व्हिया ऑस्ट्रेलियाच्या. त्यांच्या बोलीतला भटक्या माणसासाठीचा शब्द बोटीला मिळाला, ‘सनडाउनर’.

पुढे अकरा वर्षांनी, 1940 च्या मे अखेरीस, फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर लाखो सैनिक जर्मन फौजांच्या वेढ्यात सापडले. मोठी जहाजे उथळ किनाऱ्याला लागू शकत नव्हती, म्हणून लहान खासगी बोटी मागवल्या गेल्या. लाइटोलर तेव्हा 66 वर्षांचे होते. बोट न्यायचीच असेल तर आपणच नेऊ, असे त्यांनी सांगितले. 1 जून रोजी ते थोरला मुलगा रॉजर आणि 18 वर्षांचा एक सागरी स्काउट यांच्यासह निघाले. ज्या बोटीवर एका वेळी 21 पेक्षा जास्त माणसे कधी चढली नव्हती, तिच्यातून त्यांनी सुमारे 130 जवान परत आणले. वरून विमानांचे हल्ले चालूच होते. ते चुकवण्याची युक्ती धाकटा मुलगा ब्रायन याने त्यांना पूर्वी समजावून सांगितली होती. ब्रायन वैमानिक होता, आणि युद्धाच्या अगदी सुरुवातीलाच मारला गेला होता.

‘सनडाउनर’ आज रॅम्सगेट बंदरात जतन केलेली आहे. पण तिच्यासारख्या कितीतरी लाकडी लाँच इंग्लंडच्या खाड्यांत रंग उडालेल्या, पाणी साचलेल्या अवस्थेत पडून असतात. त्यांपैकी एखादी कोण आहे, हे ओळखायचे कसे?

इथे सांगोवांगीवर विसंबून चालत नाही. डंकर्कला गेलेली बोट म्हटले की भाव वाढतो, म्हणून विकणाऱ्याची जीभ सैल सुटते. खरी साक्ष लाकूडच देते. ब्रिटिश नोंदणी झालेल्या जहाजाचा अधिकृत क्रमांक आणि टनभार मुख्य आडव्या तुळईवर कोरलेला असतो. रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले की तो उघडा पडतो. मालक बदलला की बोटीचे नावही बदलते, क्रमांक मात्र तोच राहतो. क्रमांक मिळाला की लॉइड्सच्या जुन्या यॉट नोंदवह्या उघडायच्या. त्यांत बांधणारा, साल, इंजिन, पूर्वीची नावे आणि मालक सापडतात. प्रत्येक लहान बोटीची नोंद झालेली नसते. अशा वेळी फळ्या एकमेकींना भिडवून बसवल्या आहेत की तिरप्या दोन थरांत, खिळे तांब्याचे आहेत की लोखंडाचे, यावरून कारागिराचा माग काढावा लागतो. डंकर्कच्या बोटींची एक संघटना आहे. 1965 साली काही बोटी पुन्हा त्या किनाऱ्यावर जाऊन आल्या, त्यातून ती उभी राहिली. बोट डंकर्कला गेल्याचा दावा ती पुराव्यावर पारखते.

ओळख पटल्यावर वाचवण्याचे काम सुरू होते. अनेकांना वाटते, समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजवते. प्रत्यक्षात जास्त नासधूस पावसाच्या गोड्या पाण्याने होते. डेकच्या फटीतून ते आत झिरपते, कोंदट जागी साचते आणि बुरशी धरते. म्हणून पहिले काम म्हणजे बोटीवर आच्छादन घालणे आणि आत वारा खेळू देणे. दुसरे, घाईने क्रेन लावू नये. वर्षानुवर्षे चिखलात बसलेल्या बोटीला पुरेसा आधार न देता उचलले तर तिचा कणाच वाकतो. जाणकार माणूस लाकडावर हातोडी ठोकत फिरतो. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजके बद्द आवाज करते. मोडलेल्या फासळ्यांच्या जागी ओकच्या नव्या पट्ट्या घालतात. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ दिली की त्या वाकवता येतात. वाळलेल्या फळ्या आक्रसतात, त्यामुळे पाण्यात सोडल्यावर बोट आधी गळते. फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत पंप चालू ठेवावा लागतो.

प्रत्येक बोट वाचत नाही, हेही खरे. तेव्हा मोडण्यापूर्वी मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, क्रमांक कोरलेला तुळईचा तुकडा सांभाळावा. निदान तिची ओळख तरी बुडत नाही.

डंकर्कच्या त्या वाळूवर आपल्याकडची माणसेही होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर 1939 मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या तुकड्या घेऊन हिंदी जवान निघाले आणि मार्सेलला उतरले. त्यांत बहुसंख्य पंजाबी मुसलमान होते. त्यांतले काही डंकर्कहून सुटले, पण जीव लावलेली खेचरे मागे सोडूनच. एक तुकडी जर्मनांच्या कैदेत गेली. बोटींवर पितळी पाट्या लागल्या, या जवानांची आठवण मात्र कितीतरी वर्षे कुणी काढली नाही.

कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांतही बोटीवर नोकरी केलेले आजोबा-पणजोबा होऊन गेले. त्यांची सेवापुस्तिका, जहाजाचे नाव लिहिलेले एखादे पत्र, गणवेशातला फोटो अजून एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल. येत्या पावसाळ्याआधी ती ट्रंक उघडा, कागद सुकवा, आणि घरातल्या बुजुर्गांना विचारून फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.