वडगाव आपल्याला आठवते, सालबाई का आठवत नाही? शत्रूशी केलेल्या तीन तहांचा धागा

१/ जे सरकार आपल्याला पाण्यात पाहते आणि ज्याने दिलेला शब्द पूर्वी मोडला आहे, त्याच्याशी बोलणी करावीत का? दोन देशांत तणाव वाढला की हा प्रश्न उठतो आणि दोन ठरलेली उत्तरे मिळतात. शत्रूशी बोलणे हा दुबळेपणा आहे, हे एक. बोलत राहिले की वैर निवळते, हे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्याचे कारण पुणे दरबाराच्या सात वर्षांच्या अनुभवात आहे.

२/ १७७५ ते १७८२ हा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा काळ. या काळात पुण्याने एकाच शत्रूशी, ईस्ट इंडिया कंपनीशी, तीन करार केले : पुरंदर, वडगाव आणि सालबाई. पहिले दोन कागदावरच राहिले. तिसरा सुमारे वीस वर्षे टिकला. शत्रू तोच, त्याची नियतही तीच. मग फरक कशाने पडला?

३/ पार्श्वभूमी थोडक्यात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर आलेल्या राघोबादादांविरुद्ध बारभाई उभे राहिले. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादांचा दावा संपला. दादा सुरतेला इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला : फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई. साष्टीतले ठाणे तर इंग्रजांनी आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेतले होते.

४/ येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. 'इंग्रज' म्हणजे एकजीव सत्ता नव्हती. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबई व मद्रास या इलाख्यांवर कलकत्त्याची देखरेख आली होती. मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता सुरतेचा तह केला. कलकत्ता कौन्सिलने तो अमान्य ठरवून कर्नल अप्टन या वकिलास थेट पुरंदरावर धाडले.

५/ पहिला करार : पुरंदर, १ मार्च १७७६ (१६६५चा मिर्झाराजांचा तह वेगळा). सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी अप्टनशी घासाघीस केली. सुरतेचा तह रद्द झाला, दादांना पेन्शन देऊन कोपरगावी ठेवायचे ठरले, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. कागदावर हा मुत्सद्देगिरीचा विजय होता. शत्रूच्याच वरिष्ठ सरकारने शत्रूच्याच कनिष्ठ सरकारचा करार मोडीत काढला होता.

६/ तरी तो फसला. सही कलकत्त्याची होती, अंमलबजावणी मुंबईची. मुंबईकरांनी दादांना आश्रय देणे सोडले नाही आणि लंडनच्या संचालकांनी उलट सुरतेच्या तहालाच पसंती कळवली. पुण्यापाशी मुंबईला वठणीवर आणणारे काही नव्हते. तह मोडल्याने मुंबईकरांचे काय बिघडणार होते? काहीच नाही. म्हणून त्यांनी तो मोडला.

७/ दुसरा करार : वडगाव, जानेवारी १७७९. दादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईची फौज बोरघाट चढून आली. मराठ्यांनी समोरासमोरची लढाई टाळली, रसद तोडली, तळेगाव जाळून ओस केले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', पडला. तळेगावाहून माघार घेणारी फौज महादजी शिंदे आणि हरिपंत फडके यांनी वडगावास कोंडली. कंपनीच्या सैन्यावर अशी नामुष्कीची पाळी क्वचितच आली असेल.

८/ बोलणी करायला आलेल्या फार्मरने सांगितले की, कलकत्त्याच्या मंजुरीविना नवा तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही. मराठी बाजूने उलट विचारणा झाली : मग कलकत्त्याने केलेला अप्टनचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? प्रश्न बिनतोड होता. पण फार्मरचे उत्तरही खरे होते, आणि आपण ते कानाआड केले.

९/ करार झाला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत, बंगालहून निघालेली फौज माघारी, दोन इंग्रज अधिकारी ओलीस. वेढलेली फौज सुटून मुंबईस गेली आणि मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी करार झिडकारला. ती बंगालची फौज गॉडर्डच्या हाताखाली थोड्याच आठवड्यांत सुरतेला पोहोचली. आपल्या ताब्यात आलेले राघोबादादाही त्याच वर्षी निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. रणांगणावर मिळवलेले तहाच्या मेजावर टिकले नाही.

१०/ पुढची तीन वर्षे खरी निर्णायक ठरली. १७८० मध्ये नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका सूत्रात ओवले. सगळ्यांनी सारख्या जोमाने काम केले नाही. पण हैदर कर्नाटकात उतरला आणि त्याने मद्रास हादरवले. इकडे गॉडर्डने अहमदाबाद आणि वसई घेतली, ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी एका रात्रीत सर केला. मात्र १७८१ मध्ये बोरघाटातून पुण्याकडे येऊ पाहणाऱ्या गॉडर्डला सोसावे लागून मागे फिरावे लागले. त्याच वर्षी माळव्यात महादजींनाही इंग्रजांचा तडाखा बसला.

११/ आता दोन्ही पक्षांना एकच गोष्ट कळली होती : पुढे लढून मिळण्यापेक्षा जाणारे अधिक आहे. वॉरन हेस्टिंग्जची तिजोरी आटली होती, दक्षिणेत हैदर होता आणि समुद्रावर फ्रेंच. महादजींना उत्तरेत स्वतःचे पाय रोवायचे होते. मैत्री झाली म्हणून तह झाला नाही. दोघांचे हिशेब जुळले म्हणून झाला.

१२/ तिसरा करार : सालबाई, १७ मे १७८२, ग्वाल्हेरजवळ. कंपनीकडून डेव्हिड अँडरसन, पेशव्यांकडून महादजी. पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख, वसईसह, पेशव्यांना परत. साष्टी इंग्रजांकडे. दादांना कंपनीचा पाठिंबा यापुढे नाही, दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक घेऊन त्यांनी स्वस्थ बसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पक्षांच्या वतीने महादजी जामीन. जो मोडेल त्याच्याविरुद्ध महादजी उभे राहतील.

१३/ पुरंदर आणि वडगाव यांत जे नव्हते ते येथे होते. करार खुद्द गव्हर्नर जनरलचा, म्हणजे पाळण्याची ताकद असलेल्याचा. मोडल्यास किंमत मोजावी लागेल अशी मराठी फौज प्रत्यक्ष उभी. आणि नजर ठेवायला एक समर्थ जामीन. विश्वास तिन्ही तहांच्या वेळी नव्हता. सालबाईला त्याची गरजच पडली नाही.

१४/ यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. हैदर आपला मित्र होता. सालबाईने त्याला एकटे पाडले, इतकेच नव्हे तर त्याने जिंकलेला मुलूख इंग्रजांना आणि अर्काटच्या नवाबाला परत करावा, असेही कलम त्यात होते. नानांना हे सलत होते. त्यांनी मंजुरी महिनोन्‌महिने लांबवली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, त्यानंतरच पुण्याची मोहोर उमटली. शत्रूशी केलेल्या तहाची किंमत कधी मित्राला मोजावी लागते. हे लपवून सालबाईचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१५/ दुसरा आक्षेप : या शांततेत इंग्रजांना बळ वाढवायला सवड मिळाली. मिळाली खरी, पण ती आपल्यालाही मिळाली. त्याच सवडीत महादजींनी दिल्लीचा कारभार हाती घेतला आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला नमवले, तेव्हा इंग्रज त्याच्या मदतीस आले नाहीत. तह फक्त वेळ विकत घेऊन देतो. त्या वेळाचे काय केले, याचा जाब तहाला विचारता येत नाही.

१६/ आणि आपण काय केले? १७९४ ते १८०० या सहा वर्षांत महादजी, सवाई माधवराव आणि नाना तिघेही गेले. मागे उरलेले शिंदे, होळकर आणि पेशवे एकमेकांशी लढत राहिले. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज दारात, परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या हाती. पुढच्याच वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले.

१७/ हा बाजीराव राघोबादादांचा मुलगा. आणि त्याने सही केली ती वसईत, जी सालबाईने परत मिळवून दिली होती. बोलणी दोन्ही वेळा कंपनीशीच झाली. १७८२ मध्ये आपल्यामागे फौज, जामीन आणि एकविचार होता. १८०२ मध्ये यांपैकी काहीच नव्हते.

१८/ म्हणून माझे मत असे : शत्रूशी मुत्सद्देगिरी चालते, पण त्याच्या सदिच्छेवर ती कधीच चालत नाही. कोणत्याही तहाची बातमी वाचताना 'त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का' हा प्रश्न बाजूला ठेवावा. सही करणाऱ्याच्या हातात पाळण्याची सत्ता आहे का, मोडल्यास त्याला काय गमवावे लागेल आणि आपल्या घरात एकमत आहे का, हे पाहावे. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि आपण तो सर्वांत कमी विचारतो.

१९/ पुणे-लोणावळा लोकलने वडगावला उतरून ती रणभूमी अवश्य पाहा. तो विजय अभिमानाचाच आहे. पण त्या विजयाचे फळ पदरात पडायला तीन वर्षे आणि एक रुक्ष, तडजोडीचा, अनेकांना न आवडलेला कागद लागला, हेही तेथे उभे राहून आठवा. मतभेद असतील तर जरूर मांडा. धागा समाप्त.