सेवेला पदवी कशाला?

परवा एका स्नेह्यांच्या घरी एक वाद ऐकावयास मिळाला. बारावी उत्तीर्ण झालेल्या कन्येला समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू. करावयाची होती. वडील वीस वर्षे वस्तीत अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते. ते म्हणाले, ''अगं, सेवा ही करायची गोष्ट आहे, शिकायची नव्हे. आम्ही कुठली पदवी घेतली होती?''

प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. सेवा ही आपण वृत्ती मानली. तिचेही शास्त्र असते हे मनाला सहसा पटत नाही. वस्तुतः टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रारंभ मुंबईत १९३६ साली झाला, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली उभी राहिली. तरीही 'दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून' घेण्याची शाखा, हीच या शिक्षणाची आपल्या घरांतील ओळख!

कन्येने शांतपणे विचारले, ''बाबा, अभ्यासिकेतली एखादी मुलगी रडत म्हणाली की घरातला काका मला त्रास देतो, तर काय कराल?''

''आईवडिलांना बोलावून समज देईन. घराची अब्रू चव्हाट्यावर येऊ देणार नाही.''

बहुतेक सज्जन माणसे हेच करतील, आणि नेमका येथेच भलेपणा अपुरा पडतो. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या 'पॉक्सो' कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकते. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. 'समज' दिल्यावर ती मुलगी रात्री त्याच घरात परतते. विश्वासाने उघडलेले तिचे तोंड कायमचे मिटते. आपला हेतू शुद्ध होता, याचा तिला काय उपयोग?

ऐकावे कसे, कोणते प्रश्न विचारू नयेत, नोंद कशी ठेवावी, कोणाला सांगावे आणि कोणापासून गुप्त राखावे, हे उपजत येत नाही. या अभ्यासक्रमात मानसशास्त्र, समाजशास्त्र व कायदे यांच्या जोडीला क्षेत्रकार्य असते. विद्यार्थी रुग्णालयात, बालगृहात, वस्तीत जातो. त्याच्या नोंदी शिक्षक तपासतात, चुका दाखवतात. सद्भावनेलाही कोणीतरी चूक दाखवावी लागते, हाच या शिक्षणाचा गाभा होय.

अर्थात पदवीने करुणा येत नाही. तिच्याविना समाजकार्य ही निव्वळ कागद भरण्याची नोकरी उरते. शिवाय या क्षेत्रात पुष्कळदा कंत्राटी नेमणूक आणि तुटपुंजे मानधन वाट्याला येते. म्हणूनच सेवेचे संस्कार असलेल्या घरांतील मुलामुलींनी या वाटेने जावे आणि आपण त्यांना योग्य वेतन देण्याची सवय लावून घ्यावी. त्यागाचे कौतुक करून घरभाडे भागत नाही.

त्या दिवशी वडिलांनी होकार दिला नाही. मात्र अभ्यासिकेकडे निघताना चपला घालता घालता ते लेकीला म्हणाले, ''चल, आज तूही ये.''