फ्लोराइडचे भय आणि मुलांचे दात



गेल्या गणेशचतुर्थीला आमच्या घरी आरती आटोपली, प्रसाद वाटला गेला आणि मोदकांचे ताट फिरू लागले. आमचा सहा वर्षांचा नातू मात्र हात आखडून बसला. मोदक म्हणजे त्याचा जीव की प्राण. आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा त्याने उजवा गाल दाबून दाखविला. दुसऱ्या दिवशी त्याला दंतवैद्याकडे नेले. दुधाच्या दोन दाढा किडल्या होत्या. एक भरता आली, दुसरी काढावी लागली.

दंतवैद्यांनी पहिला प्रश्न केला, "दात कशाने घासतो?" आमच्या सूनबाईने खाली पाहून सांगितले, "कोळशाच्या पावडरीने." सुमारे दीड वर्षापूर्वी तिच्या फोनवर एक संदेश आला होता. टूथपेस्टमधील फ्लोराइड हे उंदराचे विष आहे, त्याने मुलांची हाडे वाकतात आणि बुद्धी मंद होते, असे त्यात लिहिले होते. तिने त्याच दिवशी घरातील पेस्ट फेकून दिली. सूनबाईला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो संदेश तिने आम्हालाही वाचून दाखविला होता. आमची आजी राखेने दात घाशीत असे हे आठवून आम्हीच मोठ्या अभिमानाने मान डोलावली होती. एका दाढेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही आम्ही जाणतो. पेस्ट बंद होती, तशी गोड पेये चालू होती. परंतु त्या दिवसापासून या विषयावर जे मिळेल ते आम्ही वाचले. असे संदेश आपल्या अनेक घरांत फिरत आहेत, म्हणून आमचे मत येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या संदेशासोबत वाकड्या पायांच्या मुलांचे एक चित्र होते आणि त्याखाली भारतातील एका गावाचे नाव होते. असे आजार भारतात खरोखर आहेत. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन केले. शेतकरी तिशी-चाळिशीतच पाठीने ताठ होत, त्यांना मान वळविता येईना, गुडघे दुमडता येईनात. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड फार होते. पुढे तेलंगणातील नलगोंडा जिल्हा याच दुःखासाठी ओळखला जाऊ लागला. आपले पूर्वज ज्या रत्नागिरीकडून या बेटावर आले त्या कोकणात नव्हे, पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गावांतही हा त्रास आहे. खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरते. उथळ आडाच्या पाण्यापेक्षा खोल बोअरवेलच्या पाण्यात ते बहुधा जास्त असते. तहान भागावी म्हणून बोअर खोदली आणि त्याच पाण्याने मुलांचे दात तपकिरी झाले, अशी तेथील कहाणी आहे. ज्या घरात दूध, भाजी, डाळ पुरेशी नाही त्या घरातील मुलांची हाडे अधिक लवकर वाकतात. हा रोग एकदा हाडांत बसला की त्यावर इलाज नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने पाण्यात तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसविण्याची साधी रीत शोधली. ती 'नलगोंडा पद्धत' या नावाने जगभर गेली. ती मराठी मुलखात शोधली गेली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तेव्हा "फ्लोराइडने काही होत नाही" असे म्हणणाऱ्या शहाण्यांशीही आमचे जमत नाही. किती फ्लोराइड, कशातून आणि किती वर्षे, एवढेच विचारायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. भारताचे प्रमाण १ मिलिग्रॅमचे आहे आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. हाडे वाकलेल्या गावांत पाणी या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेले असते आणि लोक ते जन्मभर पितात. उंदराच्या विषाचे म्हणाल, तर सोडियम फ्लोराइड उंदीर आणि झुरळे मारण्यास वापरीत असत, हे खरे आहे. पण वाटीभर मीठ एकदम खाल्ले तर तेही माणसाला मारते. म्हणून कोणी आमटी अळणी करीत नाही.

आता हे द्रव्य मुळात दातांच्या औषधात आले कसे ते पाहू. गोष्ट मोठी मजेची आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आले. तेथील पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. मॅके यांनी अनेक वर्षे त्याचा पिच्छा पुरविला. डाग पडलेले हे दात किडत मात्र फार कमी, असेही त्यांच्या ध्यानात आले. शेवटी १९३१ साली चर्चिल नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने पाणी तपासून कारण सांगितले. ते फ्लोराइड निघाले. मग असा विचार झाला की, डाग पडणार नाहीत इतके थोडे फ्लोराइड पाण्यात असेल तर दात वाचतील. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते प्रथम मिसळले गेले. मुलांची दातकीड निम्म्याहून खाली आली. सिंगापूरने १९५० च्या दशकात आपल्या संपूर्ण देशासाठी तोच मार्ग धरला.

त्या काळी समजूत अशी होती की, फ्लोराइड पोटात जाऊन दाताच्या घडणीत मिसळले पाहिजे. आज तसे मानीत नाहीत. आपण गोड खातो, तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात, त्या आम्लाने दाताच्या कवचातील कॅल्शियम झिजते. लाळ ते पुन्हा भरून काढू पाहते. फ्लोराइड दाताला वरून लागलेले असेल तर ही भरपाई चांगली होते आणि कवच आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणजे त्याचे मुख्य काम दाताच्या बाहेरून होते, पोटातून नव्हे. आमच्या मते सगळ्या वादाची किल्ली येथेच आहे. जे औषध वरून लावायचे, ते गिळायचे कशाला?

म्हणूनच आज पाण्यात फ्लोराइड मिसळण्याविषयी अमेरिकेत जो वाद पेटला आहे त्याला आम्ही वेडगळ म्हणणार नाही. २०१५ साली तेथील सरकारने हे प्रमाण लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमवर आणले. ऑगस्ट २०२४ मध्ये एका सरकारी शास्त्रीय संस्थेने अहवाल दिला की, १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तेथे मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळतो. मात्र ०.७ या प्रमाणाविषयी निष्कर्ष काढण्याएवढा पुरावा नाही, असेही त्याच अहवालात होते. फोनवरच्या संदेशात यातील पहिले वाक्य असते, दुसरे नसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका न्यायाधीशांनी सरकारला याबाबत पाऊल उचलण्यास सांगितले. २०२५ साली यूटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले. उलट कॅनडातील कॅलगरी शहराने २०११ साली बंद केलेले फ्लोराइड, मुलांचे दात बिघडल्याचे पाहून आणि लोकांचे मत घेऊन, २०२५ साली पुन्हा सुरू केले. २०२४ साली जगभरचे अभ्यास पुन्हा तपासले गेले, तेव्हा असे दिसले की, फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघर पोहोचल्यापासून पाण्यातील फ्लोराइडचा फायदा फार लहान झाला आहे. मुलामागे सरासरी दुधाच्या दाताचा जेमतेम पाव भाग वाचतो.

पण वाचकहो, हा वाद पाण्याचा आहे आणि तो तेथील आहे. आपल्या बेटावर नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याची पद्धत नाही. तेव्हा तेथील भीती उसनी आणून आपण घरातील पेस्ट फेकून दिली, तर मुलांच्या दातांना उरते काय? अमेरिकेतील मुलाने पेस्ट सोडली तरी पुष्कळ ठिकाणी नळ त्याला थोडा आधार देतो. आपल्या मुलाला तोही नाही. आणखी एक गंमत पाहा. चहाचे झाड जमिनीतील फ्लोराइड पानांत साठविते. काळ्या चहाच्या लिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड सहज निघते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ फ्लोराइडच्या नावाने बोटे मोडतात आणि दिवसाकाठी सहा कप चहा पितात, तोही तीन-तीन चमचे साखर घालून!

पेस्टचीही भीती अगदीच निराधार नाही, तीही सांगतो. पेस्टच्या डब्यावर १००० पीपीएम लिहिलेले असेल तर एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. मोठ्यांच्या पेस्टमध्ये ते १५०० पर्यंत असते. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट काढून दाखवितात. तेवढी पेस्ट साधारण एक ग्रॅम भरते. लहान मूल ती थुंकत नाही, गिळते. कित्येक पेस्टना तर मिठाईची चव असते. रोज असे झाले तर हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढऱ्या रेषा उमटू शकतात. आठ वर्षांच्या पुढे ही भीती जवळजवळ उरत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असते आणि मूल थुंकायला शिकले की त्यातलेही बहुतेक बाहेर जाते. थुंकल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे औषध दातावर राहते. ही शेवटची गोष्ट आम्हाला आयुष्यभर कोणी सांगितली नव्हती.

ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागता कामा नये. दहा किलो वजनाच्या बाळाने मोठ्यांच्या पेस्टची अर्धी ट्यूब खाल्ली तर त्याला इस्पितळात न्यावे लागेल. जे पाणी उकळून पितात त्यांनाही एक सांगावेसे वाटते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि ते उलट किंचित दाट होते.

आता आजीच्या राखेविषयी. आमची आजी राख, मीठ नाही तर कडुनिंबाची काडी वापरी आणि म्हातारपणी चणे फोडी, हे खरे. परंतु तिच्या घरात बाटलीतले गोड पेय नव्हते, बिस्किटांचा पुडा नव्हता, आणि गोड पदार्थ सणालाच होत असे. आजीचे दात राखेने राखले की साखरेच्या अभावाने, याचा हिशेब आम्ही कधी केलाच नाही. आजीची राख आणि नातवाचे कोला, असा संसार चालत नाही. आपले खापरपणजे ऊस तोडायला या बेटावर आले. त्यांनी काढलेली साखर जहाजे भरून परदेशी जाई. आता साखर आपल्याच मुलांच्या तोंडीही येते. २०१३ साली आपल्या सरकारने गोड पेयांतील साखरेवर ग्रॅमच्या हिशेबाने कर बसविला. तो आम्हाला योग्य वाटतो. पण आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत मुलाने श्लोक म्हटला की बक्षीस काय मिळते? चॉकलेट आणि गोड पाण्याची बाटली. पेन्सिल द्या, गोष्टीचे पुस्तक द्या. हे सांगितल्याबद्दल काही कार्यकर्ते आमच्यावर रागावतील. रागावोत बापडे!

सरकारकडे आमच्या दोन मागण्या आहेत. आपल्या प्रत्येक विभागाच्या पाण्यात लिटरमागे किती फ्लोराइड आहे, तो आकडा पाण्याच्या बिलावर छापावा. आकडा समोर असला की अफवेला बसायला जागा राहत नाही. दुसरी मागणी अशी की, टूथपेस्टवरील फ्लोराइडचे प्रमाण आणि मुलांसाठी लागणारी मात्रा मोठ्या ठळक अक्षरांत असावी. आज ती ट्यूबच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. आमच्या घरी ती वाचायला नातवाचे भिंग घ्यावे लागले.

सूनबाईने पेस्ट परत आणली आहे. ती फडताळाच्या वरच्या खणात असते आणि वाटाणा ती स्वतः काढून देते. पाण्याचा आकडा मात्र अजून आमच्या हाती नाही. आम्ही कार्यालयाला अर्ज लिहिला आहे. ज्या वाचकांनी असा अर्ज केला असेल आणि ज्यांना लेखी उत्तर मिळाले असेल, त्यांनी आपल्या गावाच्या नावासह तो आकडा या पानाकडे पाठवावा.